ओळंब्याचा उजवा डोळा

आपण किती शहाणे आहोत हे सांगणारी माणसं पोत्यानं मिळतात. आपण किती गाढव आहोत हे चारचौघांत, तेही हावभावांसकट सांगणारा माणूस त्या हॉटेलात एकच होता. त्याला सगळे ओळंबा म्हणत. नवीन कुणी कामाला लागलं की पहिल्याच आठवड्यात ओळंबा त्याला जिन्याखालच्या बाकावर बसवणार आणि ही गोष्ट ऐकवणार. आपला उजवा डोळा कसा बिघडला, तो बिघडलाय हे आपण सोडून अख्ख्या हॉटेलाला कसं ठाऊक होतं, आणि त्यापायी आपण आपल्याच विहिणीची नोकरी कशी घालवायला निघालो होतो. "बसा हो," तो म्हणणार, "असा मूर्खपणा पुस्तकात मिळत नाही."

हॉटेल म्हणजे शहराच्या जुन्या भागातली, दोन गल्ल्या मिळतात त्या कोपऱ्यावरची दोनशे वर्षांची हवेली. मालकीणबाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला चित्रं विकत घ्यायचा नाद. राहत्या घरात भिंती पुरेनात म्हणून त्यांनी हवेली घेतली. मग हवेलीचं छप्पर सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले म्हणून तिच्यात हॉटेल काढलं. अकरा खोल्या, आणि एकीलाही नंबर नाही; आत जे चित्र, तेच खोलीचं नाव. निळ्या घोड्याची खोली, तीन होड्यांची खोली. एका खोलीत नुसतं पांढरंफेक चित्र होतं. त्या खोलीला छापील पत्रकात 'शुभ्र' असं नाव होतं आणि स्वयंपाकघरात 'रंग संपल्याची खोली'. जिन्याच्या पोकळीत तांब्याच्या तारेचा एक अवाढव्य पक्षी टांगलेला होता. पाहुणे हटकून त्याच्या चोचीला टोपी अडकवायचे आणि मग ती काढायला शिडी लागायची.

एवढ्या थाटाच्या घरात एक भिंत काटकोनात असेल तर शपथ. जमीन एकीकडे उतरलेली, छत दुसरीकडे झुकलेलं. दारात लिंबू ठेवलं तर ते आपल्या पायानं कपाटाखाली जायचं.

ओळंबा मूळचा गवंडी. सव्वीस वर्षांपूर्वी हवेलीची डागडुजी करायला जी टोळी आली, तिच्यातला हा सगळ्यांत तोंडाळ. काम संपलं, टोळी गेली, हा हत्यारं आवरत मागे राहिला. नेमकं तेव्हाच मालकीणबाईंना पहिलं चित्र भिंतीवर चढवायचं होतं. यानं खिशातून भिंतीचा सरळपणा बघायचा ओळंबा काढला, वजनाचा दोरा सोडला, चौकटीवर लेव्हलची बाटली ठेवली, बुडबुडा बरोब्बर मधोमध आणला आणि हात झटकत खाली उतरला.

"वाकडं आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"बाई, ओळंबा खोटं बोलत नाही."

"ओळंबा खरंच बोलतोय हो. पण घर वाकडं आहे ना! चित्र घराला जुळायला हवं."

यानं मनातल्या मनात चार शब्द हासडले, समोरच्या भिंतीला पाठ टेकली, डावा डोळा मिटला आणि उजव्यानं बघितलं. मग पुढे जाऊन चौकट केसभर हलवली. बाटलीतला बुडबुडा पार एका टोकाला पळाला आणि चित्र मात्र सुतासारखं सरळ दिसायला लागलं. मालकीणबाईंनी त्याला दुसऱ्या दिवशीही यायला सांगितलं. ओळंबा तेव्हा जो खिशात गेला तो गेलाच, नाव तेवढं राहिलं.

पुढं चित्रं वाढत वाढत त्रेसष्ट झाली आणि प्रत्येक चौकट यानं त्या एका डोळ्यानं लावली. हॉटेलात नियमच झाला की चित्रांना ओळंब्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. प्रत्येकाकडून तसं सही करून घेतलेलं होतं. मागच्या वर्षी एका वाढप्यानं निळ्या घोड्याच्या चौकटीवर ओला नॅपकिन वाळत घातला, तर त्याच दिवशी त्याला नारळ मिळाला. ओळंबा दिवसभर बाकीची किरकोळ दुरुस्ती करायचा, आणि दुपारी पाहुणे बाहेर पडले की हातात मऊ फडकं घेऊन चित्रांची फेरी काढायचा. कुठं कुणाची बॅग लागून चौकट सरकली असेल तर ती ठीक करायची. मालकीणबाई पाहुण्यांना सांगायच्या, "हे घर ह्यांच्या डोळ्यावर उभं आहे." असं सव्वीस वर्षं ऐकल्यावर माणसाचं काय होणार? जे व्हायचं तेच झालं. ओळंबा हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसला.

न्हाव्याकडे गेला की आधी त्याचा आरसा सरळ करणार. दवाखान्यात गेला की डॉक्टरांच्या प्रमाणपत्रांना हात लावणार. मुलगी लग्न होऊन सासरी गेली आणि हा पहिल्यांदा तिच्या घरी गेला, तेव्हा पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी यानं खुर्चीवर चढून त्यांचं भिंतीवरचं घड्याळ सरळ केलं. मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते घर होतं विहीणबाईंचं. विहीणबाई म्हणजे हॉटेलातल्या साफसफाईच्या मुख्य. एकोणीस वर्षांची नोकरी, अकरा खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला, आणि चादरीला एक सुरकुती दिसली तर पुन्हा पहिल्यापासून घालायला लावणाऱ्या. लग्न जमायच्या आधी ओळंब्याचं आणि त्यांचं रोज वाजायचं. याच्या शिडीचे डाग जमिनीवर, त्यांच्या बादलीचं पाणी याच्या भिंतीवर. मग याची मुलगी आणि त्यांचा मुलगा, दोघांनी परस्पर जमवून टाकलं आणि म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. भांडण तेच राहिलं, फक्त त्याला मानपान चिकटला. पूर्वी "ए, शिडी उचल" होतं, आता "व्याही, शिडी उचलता का जरा?" झालं. दातओठ खात अहो-जाहो करणं म्हणजे काय ते दोघांनाच ठाऊक.

मग एके दिवशी जग वाकडं व्हायला लागलं, आणि पुढं आठ महिने वाकडं होतच राहिलं. सुरुवात ओळंब्याच्या घरच्या दारापासून झाली. सवयीनं डावा डोळा मिटून बघितलं की दाराची चौकट मध्येच पोटात गेल्यासारखी दिसायला लागली. यानं सुताराला बोलावून त्याची हजेरी घेतली. सुतार बिचारा तीनदा माप घेऊन, डोकं खाजवत परत गेला. मग बसथांब्याचा खांब कलला. मग शेजाऱ्याच्या खिडकीचे गज. बायको म्हणाली, "अहो, तुमची मानच वाकडी झालीय का बघा." हिला काय कळतंय, असं म्हणून यानं तो विषय तिथंच मिटवला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, याला तर सगळं गाव वाकडं दिसत होतं आणि तरी हा नाचतच होता.

हॉटेलातही तेच. दुपारच्या फेरीत एकेक चित्र कललेलं दिसायचं. हा ते "सरळ" करायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी बघावं तर पुन्हा कललेलं! आज तीन होड्या, उद्या दालनातल्या चित्रातली पाठमोरी बाई, परवा घोडा. याच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणीतरी मुद्दाम आपल्या कामात काड्या करतंय याबद्दल त्याला तिळमात्र शंका उरली नाही. आधी त्यानं फुलं लावायला येणाऱ्या बाईवर संशय घेतला. मग एसीवाल्यावर. मग उंदरांवर. एक दिवस तर हवेलीच्या मूळ मालकाच्या भुतावरही घेतला, आणि जिन्यात उभं राहून त्याला दोन शब्द सुनावले. आपल्या डोळ्यावर संशय घ्यायचं मात्र त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

शेवटी त्यानं मॅनेजरकडे लेखी तक्रार केली. मॅनेजर बत्तीस वर्षांचा, वर्षभरापूर्वीच आलेला, शिकलेला आणि मालकीणबाईंना टरकून असलेला. जन्मात कधी अर्ज न लिहिलेल्या ओळंब्यानं चार कागद फाडून पाचवा लिहिला. 'अज्ञात इसमाकडून चित्रांशी हेतुपुरस्सर छेडछाड होत असून सदर इसमास रंगेहाथ पकडून कामावरून कमी करण्यात यावे.' हे 'कमी करण्यात यावे' त्यानं अधोरेखित केलं. दोनदा.

"काका, पण पकडायचं कसं?" मॅनेजरनं विचारलं.

"पहाटे या माझ्याबरोबर. रात्री पाहुणे असतात, दुपारी मी असतो. जे काय होतं ते सकाळी कामाला माणसं यायच्या आत होतं."

एवढं डोकं मात्र बरोबर चाललं होतं बघा.

सकाळी सव्वासहाला दोघं पहिल्या मजल्यावरच्या दालनात जाडजूड पडद्यामागे उभे राहिले. आदल्या दुपारी ओळंब्यानं तिथली पाच चित्रं लावून ठेवली होती. दहा मिनिटांनी दार उघडलं आणि विहीणबाई आत आल्या. चपला बाहेर काढलेल्या. इकडंतिकडं बघून त्या सरळ पहिल्या चित्राकडे गेल्या, चौकटीच्या बाजूनं भिंतीकडे वाकून बघितलं, दोन बोटांनी चौकट हलवली. मग दुसरं, मग तिसरं. काम इतकं झटपट की ते त्या पहिल्यांदा करत नव्हत्या हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मॅनेजर पडदा सारून पुढे झाला. "मावशी! हे काय?"

विहीणबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी मॅनेजरकडे बघितलं, मागून निघालेल्या ओळंब्याकडे बघितलं, आणि मान खाली घातली.

"कधीपासून चाललंय हे?"

"झाले बरेच दिवस."

"पण का? नियम माहीत आहे ना? सही आहे तुमची!"

"माहीत आहे."

"मग काहीतरी कारण असेल!"

"कारण काही नाही," विहीणबाई म्हणाल्या. "मला असं बरं दिसतं."

यावर मॅनेजर तरी काय करणार? मालकीणबाई अकराला खाली उतरतात, त्यांच्या कानावर घालतो, तोवर किल्ल्या ऑफिसात ठेवा आणि आपलं कपाट रिकामं करायला घ्या, असं तो चाचरतच म्हणाला. विहीणबाईंनी कमरेचा जुडगा सोडला आणि त्याच्या हातात दिला. एकोणीस वर्षांचा तो जुडगा, पण 'अहो, ऐका' म्हणून एक शब्द नाही. ओळंब्याशेजारून जाताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सूनबाईला एवढ्यात काही सांगू नका. तिची परीक्षा आहे परवा."

ओळंबा हे सांगताना इथं नेहमी थांबतो आणि स्वतःच्या थोबाडीत मारल्याची नक्कल करतो. कारण त्या क्षणी त्याला काय वाटलं होतं? आनंद झाला होता! विहीण आहे, मुलीची सासू आहे, नोकरी चाललीय, हे सगळं नंतर. आधी वाटलं की बघा, मी म्हणत नव्हतो? माझा डोळा कधी चुकतो का?

दालनात आता तो एकटाच होता. विहिणीनं 'बिघडवलेली' चित्रं त्यानं ठीक करायला घेतली. पहिल्याच, पाठमोऱ्या बाईच्या चित्राचा खिळा जरा सैल वाटला म्हणून चौकट हलवायच्या आधी त्यानं वर बघत हातोडीचा एक ठोका दिला, आणि जुन्या भिंतीतला चुन्याचा खडा सुटून थेट त्याच्या उजव्या डोळ्यात गेला. डोळ्यातून घळाघळा पाणी. हातरुमालानं उजवा डोळा दाबून धरत तो मागे सरकला, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते दालन नुसत्या डाव्या डोळ्यानं बघितलं.

विहीणबाईंनी लावलेली तीन चित्रं सुतासारखी सरळ होती. ज्या दोहोंना त्यांचा हात लागायचा राहिला होता, ती त्यानं काल लावलेली दोन, दारूड्यासारखी एका अंगावर गेली होती.

त्यानं रुमाल काढला. उजव्यानं बघितलं. सगळं उलटं. डाव्यानं बघितलं. पुन्हा उजव्यानं. डावा, उजवा, डावा, उजवा. कुणी बघितलं असतं तर म्हातारा पाठमोऱ्या बाईला डोळे मारतोय असंच वाटलं असतं. मग खिडकीची चौकट, दाराची चौकट, रस्त्यावरचा दिव्याचा खांब. उजव्या डोळ्यानं सगळं कंबरेत मोडलेलं, डाव्यानं ठणठणीत. घरचं दार, सुतार, बसथांबा, शेजाऱ्याचे गज, सगळे त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. आणि सगळ्यांत शेवटी, मान खाली घालून, विहीणबाई.

तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. आठ महिने ही बाई आपली घाण निस्तरत होती. आणि पकडली गेली तेव्हाही तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती. जिच्यावर हॉटेल उभं आहे ती वस्तूच मोडली म्हटल्यावर ओळंब्याला ठेवणार कोण आणि कशाला?

गप्प बसावं, हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला, चांगला ऐसपैस बसला. अजून चार वर्षं नोकरी करता आली असती. विहीणबाईंना दुसरीकडे काम मिळेल, हुशार आहेत, असंही त्यानं स्वतःला सांगून बघितलं. मग स्वतःचीच एवढी शिसारी आली की तो उठला आणि तडक ऑफिसात गेला.

"साहेब, त्यांना ठेवून घ्या. चूक माझी आहे. माझा डोळा गेलाय."

मॅनेजरनं त्याच्याकडे बघितलं आणि हसला. "काका, तुमचा डोळा? अहो, मी मुलाखतीला आलो होतो तेव्हा मालकीणबाईंनी मला चित्रांच्या आधी तुमचा डोळा दाखवला होता."

"गेलाय म्हणतो ना! आठ महिने मी सगळं वाकडं लावतोय."

"विहीण आहे म्हणून तुम्ही हे करताय, कळतं मला. मोठं मन आहे तुमचं."

आता घ्या! जन्मभर पिटलेला डांगोरा आता आपल्याच गळ्यात अडकला. ओळंब्यानं देवाशपथ घेतली, मुलीची शपथ घेतली. मॅनेजर हळवा व्हायला लागला. ओळंब्याला वाटलं, याचं डोकं फोडावं.

"तुम्हाला दिसलं नाही का हो संध्याकाळी? सगळं कललेलं?"

"दिसायचं," मॅनेजर कबूल झाला. "पण मला वाटायचं, कलेत असंच असतं."

अकरा वाजता मालकीणबाई खाली आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, हातात काठी. ओळंब्यानं त्यांच्यासमोर एकच हट्ट धरला. "बाई, सगळ्यांना बोलवा. मी सगळ्यांसमोर चित्र लावतो. मग बघा."

दालनात सगळे जमले. स्वयंपाकी, धोबी, रिसेप्शनवरची मुलगी, दरवान, कोपऱ्यात कपाट आवरून आलेल्या विहीणबाई. ओळंब्यानं पाठमोरी बाई खाली उतरवली, पुन्हा चढवली, समोरच्या भिंतीला पाठ टेकली, डावा डोळा मिटला. आयुष्यात हजारदा केलेली गोष्ट, पण आज चुकून सरळ लागलं तर सगळंच मुसळ केरात! देवा, वाकडं लागू दे, असं मनात म्हणत त्यानं अगदी मन लावून, उजव्या डोळ्याला पटेपर्यंत चौकट सरळ केली. मग वळला.

"सांगा. कसं आहे?"

मग दरवान खाकरला. "चांगलंय की."

"सरळ आहे," धोबी म्हणाला.

"एकदम सरळ," स्वयंपाकी म्हणाला आणि छताकडे बघायला लागला.

रिसेप्शनवरच्या मुलीनं नुसती मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ओळंब्याच्या लख्ख लक्षात आलं की ह्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आजचं नाही, कधीपासूनचं. याच्या जिभेच्या भीतीनं आधी कुणी बोललं नाही, आणि आता याच्या प्रेमानं बोलत नव्हते.

"अरे, वाकडं आहे!" ओळंबा ओरडला. "ठार वाकडं आहे! तोंडदेखलं बोलू नका रे, त्या बाईची नोकरी चाललीय!"

मग कोपऱ्यातून विहीणबाई पुढे आल्या. कुणाकडे न बघता त्या चित्रापाशी गेल्या, बाजूनं वाकून बघितलं आणि दोन बोटांनी चौकट हलवली. डावीकडून किंचित वर, बस्स. पाठमोरी बाई अशी ताठ उभी राहिली की धोब्याच्या तोंडून "हां" निघून गेलं.

"हे तुम्हाला कसं कळतं?" मालकीणबाईंनी विचारलं. "तुम्हालाही डोळा आहे की काय?"

"छे हो! मला कुठलं आलंय सरळ-वाकडं?" विहीणबाई म्हणाल्या. "चौकटीमागं भिंतीचा रंग नवा राहिलाय, बघा. इतकी वर्षं चित्र जिथं होतं तेवढा चौकोन उठून दिसतो. चौकट त्या चौकोनावर नेऊन बसवायची, झालं. ह्यांनीच लावलेलं आहे ते. चांगल्या डोळ्यानं."

ओळंब्यानं तोंड फिरवलं. चुन्याचा खडा केव्हाच निघाला होता, त्यामुळं आता ते पाणी खड्याच्या नावावर खपवायची सोय नव्हती. "विहीणबाई," तो म्हणाला, "तुम्हाला कामावरून कमी करा असं मी लिहून दिलंय. दोनदा अधोरेखित केलंय."

"ठाऊक आहे. टेबल पुसताना वाचलं होतं मी."

"आणि तरी करत राहिलात?"

"मग काय करू? तुम्हाला घरी बसवलं की तुम्ही रोज उठून माझ्या घरी येणार आणि माझी घड्याळं सरळ करणार!"

पहिल्यांदा मालकीणबाई हसल्या आणि मग सगळेच. हसू ओसरल्यावर मालकीणबाई काठीवर रेलून म्हणाल्या, "मी चक्कर येते म्हणून सहा महिने गोळ्या खातेय. संध्याकाळी घर कलायचं आणि सकाळी सरळ व्हायचं. आता त्या गोळ्यांचं काय करू?" त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मागवला आणि स्वतः विहीणबाईंच्या हातात दिला. चित्रं यापुढं विहीणबाईंनी बघायची आणि ओळंब्यानं बाकीची दुरुस्ती. "आणि तुम्ही आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आजच्या आज."

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ओळंब्यानं ती नुसती हसत सांगितली असती. पण तो पुढचंही सांगतो.

मुलीची परीक्षा तोंडावर, बायकोचा गुडघा दुखरा, म्हणून दवाखान्यात सोबत विहीणबाईच गेल्या. डॉक्टरनं ओळंब्याच्या हातात चौकटी-चौकटींचा एक कागद दिला, डावा डोळा झाकायला सांगितलं आणि विचारलं, "रेघा कशा दिसतात?" ओळंबा म्हणाला, "छापणाऱ्यानं वाकड्या छापल्यात." खोड जात नाही ती अशी. डॉक्टरनं थेंब घातले, यंत्रातून बराच वेळ बघितलं आणि मग खुर्ची जवळ ओढली. डोळ्याच्या पडद्याला सूज होती. आता इंजेक्शनं देऊन आहे तेवढं टिकवता येईल. गेलेलं येणार नाही.

"उशीर केलात," डॉक्टर म्हणाले. "सुरुवातीला, सहा-सात महिन्यांपूर्वी आला असतात, तर बराचसा वाचला असता. कुणाच्याच लक्षात आलं नाही का?"

ओळंब्यानं विहीणबाईंकडे बघितलं नाही. दोघं बाहेरच्या बाकावर येऊन बसले. रुमाल तोंडावर धरून विहीणबाई हमसाहमशी रडत होत्या. चादरीवरच्या सुरकुतीला रागे भरणारी ही बाई अशी रडू शकते हेच त्याला माहीत नव्हतं.

"माझ्या लक्षात आलं होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. मी रोज चुपचाप सरळ करत बसले. तेव्हाच तुमच्या तोंडावर सांगितलं असतं तर डोळा वाचला असता. मला वाटलं मी तुम्हाला सांभाळतेय. व्याही, तुमचा डोळा मी घालवला हो!"

राग आला का? आला, क्षणभर चांगलाच आला, तो हे लपवत नाही. डोळा म्हणजे त्याचं सगळं होतं. मग त्यानं त्या आठ महिन्यांपूर्वीच्या स्वतःला आठवून बघितलं. न्हाव्याचा आरसा सरळ करणारा, सुताराला झापणारा, भुताला दम देणारा तो शहाणा. त्याच्यापुढं जाऊन ह्या बाईनं म्हणायचं होतं, की तुमचा डोळा बिघडलाय?

"विहीणबाई, रडू नका," तो म्हणाला. "तुम्ही तेव्हा सांगितलं असतं, तर मी डॉक्टरकडे गेलो नसतो. मी तक्रार आठ महिने आधी लिहिली असती."

त्या रडता रडता थांबल्या, त्याच्याकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हे काही समजूत घालायला म्हटलेलं नाही, हे शंभर टक्के खरं आहे. त्यांनी नाक पुसलं आणि उठल्या.

डोळ्यांत थेंब घातल्यानं त्याला दोन्ही डोळ्यांनी नुसता उजेड दिसत होता. दारापाशी विहीणबाईंनी त्याचा दंड धरला.

"पायऱ्या आहेत हं."

दिसतात मला, हे शब्द ओळंब्याच्या अगदी ओठांवर आले होते.

"किती आहेत?" त्यानं विचारलं.

"सात."

"मोजत चला मग," तो म्हणाला, आणि पाय पुढे टाकला.